चार लूमपर्यंतची चाल

बाबांच्या रुमालावरचा काळा डाग आधी माझ्या बायकोला दिसला. धुवायला घेतलेला रुमाल तिने तसाच आणून माझ्या नाकाशी धरला. यंत्रमागाला, आमच्या बोलण्यात लूमला, घालतात त्या तेलाचा वास होता. आमच्या घरात तो कुणाला ओळखावा लागत नाही.

मला संशय आला. सत्तरी ओलांडलेला, साखरेचा आजार असलेला माणूस सकाळी चालायला म्हणून जातो आणि तेलाचे हात घेऊन येतो, म्हणजे कुणाच्या तरी कारखान्यात चोरून कामाला जात असणार.

खरं तर चोरून वागण्याबद्दल बोलायचा हक्क मला नव्हता. दोन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेमुळे बाबा दवाखान्यात असताना मी त्यांच्या बारा लूमपैकी आठ भंगारात काढले. धंदा बसला होता हे खरं, पण मी त्यांना विचारलं नाही. घरी आणताना रिक्षात सांगितलं. त्यानंतर त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली ती सोडलीच नाही. पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टर दर वेळी चालायला सांगायचे. मी आणलेले बूट खोक्यातच राहिले.

मग गेल्या दिवाळीनंतर ते आपणहून बाहेर पडू लागले. सुरुवातीला काठी घेऊन, वाटेत दोनदा टेकत. पावसाळ्यापर्यंत काठी खिळ्याला अडकली ती तिथेच राहिली. सूज गेली, झोप लागायला लागली. साखर उतरलेली पाहून डॉक्टर म्हणाले, जे करताय ते सोडू नका. मी मान डोलावली, पण मनात आलं, माझं न ऐकणारा माणूस कुणाचं ऐकून चालतोय?

विचारलं तर "चालायला जातो" एवढंच म्हणाले, तेही दुसरीकडे बघत.

डाग सापडला त्याच संध्याकाळी मला भंगारवाल्याचा फोन आला. "सेठ, गाडी सनीचर को भेजूं?" उरलेले चार लूमही विकायचं त्याच्याशी बोलणं झालं होतं. ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या मागे निघालो. टेम्पोंच्या गर्दीतून ते गल्लीगल्लीने चालले होते, कुठेही न थांबता. दम मलाच लागला. शेवटी ते आमच्याच लूमच्या बंद शेडपाशी वळले आणि खिशातून चावी काढली.

मी दारातून पाहिलं. एकेका लूमवरची धूळ ते पुसत होते, तेलाचे दोन थेंब सोडत होते, चाक हाताने अर्धं फिरवत होते. चौथा झाल्यावर वळून बोटाने चारही मोजले. तेव्हा मी त्यांना दिसलो.

"बाबा, रोज इथं येतोस?"

"येतो."

"कशाला?"

"हायेत का न्हाय ते बघायला."

जो माणूस कुणाच्या सांगण्याने उठला नाही, तो माझ्या भीतीने उठला होता. आज असलेले लूम उद्या असतील याची खात्री नाही, म्हणून रोज येत होता.

"मी नाही विकणार," मी म्हणालो.

"विकलेस तवा तरी कुठं सांगितलंस?"

मग मी शनिवारच्या गाडीचंही सांगून टाकलं. त्यांच्यासमोरच भंगारवाल्याला फोन करून नाही म्हटलं. माझ्याकडची शेडची चावी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हिची दुसरी करून न्हाय ना ठेवलीस?"

नाही म्हणालो. त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि पुढे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाले.