काळी नदीतलं मोहरीएवढं फूल

काळी नदीच्या पाण्याकडे ढुंकूनही न बघता आयुष्यभर त्या नदीवर जीव लावलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझा मामा. मूळचा खानापूरकडचा, पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. भातकापणीच्या सुमाराला सुट्टी काढून तो बाजारकुणंगला आमच्या घरी यायचा. आमच्या रानातला साग बघायला लांबलांबून साहेब येत. मामा मात्र त्या सागाला छत्री टेकवण्यापुरताच मान देई. त्याचा जीव जडला होता तो नदीतल्या खडकांना चिकटून वाढणाऱ्या, शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका इवल्याशा वनस्पतीवर. सुप्याजवळ वाहत्या पाण्यातल्या खडकावर तो पालथा पडून भिंगातून बघत राहायचा. एकदा रानात लाकडं तोडायला निघालेल्या गड्यांनी, बुडालेला माणूस वाहून आला असं समजून त्याला पायांना धरून काठावर ओढून काढलं. मामा रागावला नाही. त्याने त्यांनाच खडकावर नेऊन एकेकाला भिंगातून ती वनस्पती दाखवली, आणि त्या दिवशीची त्यांची लाकडं राहिली. आई त्याला विचारी, पुण्याला शेवाळ मिळत न्हाई व्हय रे? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "अक्का, हे शेवाळ नव्हे. ह्याला फूल येतं."

पण ते फूल हाती लागेना, हीच तर पंचाईत होती. पावसाळ्यानंतर पाणी ओसरून खडक उघडा पडला, की जेमतेम एखाददुसरा दिवस ते फुलतं, तेही मोहरीएवढं. ही वनस्पती नवी आहे, आजवर कुणी नोंदवलेली नाही, असं मामाने लिहिलं होतं. विलायतेतल्या एका नामांकित पंडिताने उलट छापलं, की ही जुनीच आहे, वाळून बिघडलेले तुकडे बघून ह्या गृहस्थांची फसगत झाली आहे. फुलाशिवाय त्याला उत्तर देता येत नव्हतं. कॉलेजातले लोक मामाला शेवाळशास्त्री म्हणू लागले. पुढच्या साली पाऊस लांबला आणि सुट्टी संपेपर्यंत खडक पाण्याखालीच राहिला. मामा तेव्हा जेवताना बोलेनासा झाला होता. त्यानंतरच्या साली पाणी उतरलं, ते नेमकं माझ्या लग्नाच्या दिवशी.

अंघोळीला म्हणून सकाळी नदीवर गेलेला मामा मुहूर्त जवळ आला तरी परतेना. नवरीच्या पाठीशी उभं राहायला मामा हवा. भटजी चुळबुळ करू लागले, वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. दुसरा कुणी चुलतमामा उभा करावा असं ठरत होतं, तेवढ्यात तो आला. धोतरातून पाणी गळतंय, गुडघा फुटलाय, हातात घट्ट बूच लावलेली बाटली. आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "माझ्या लेकीपरास तुझं शेवाळ मोठं हाय व्हय?" एवढंच ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मामा तसाच माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या धोतराचं पाणी माझ्या पायांशी साचत होतं. एक मंगलाष्टक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे माझ्या कानाशी आवाज आला, "पोरी, फूल मिळालं." माझ्या लग्नात मला मिळालेल्या आहेरांत हा आहेर मला अजून सगळ्यांत मोठा वाटतो.

त्या फुलांची चित्रं काढून मामाने निबंध छापला, आणि त्या पंडिताने आपली चूक छापील शब्दांत कबूल केली. मग मामाचे विद्यार्थी कोकणापासून मलबारापर्यंत नद्यांतले खडक धुंडाळू लागले. खडकावरच्या असल्या वनस्पतींबद्दल कुठे शंका आली, की परदेशातूनही नमुने पुण्याला मामाकडे येऊ लागले. आई रामनगरच्या बाजारात भेटेल त्याला सांगायची, माझा भाऊ साहेबाशी भांडून जिंकला. ऐकणाऱ्यांना वाटायचं, जमिनीचा दावा असणार. ती तसं वाटू द्यायची.

शेवटी शेवटी मामाची नजर गेली. माझ्या घरी आला तेव्हा ओसरीवर बसून म्हणाला, अंगणात काय काय फुललंय ते सांग. मी आपली नावं सांगत गेले, अबोली, तेरडा, कोरांटी. तो प्रत्येकाचं शास्त्रातलं लांबलचक नाव उच्चारत गेला, अगदी सावकाश, जणू मला ते पाठ करायचं होतं. मी दर नावाला मान हलवत होते. त्याला दिसत नव्हतं, तरी हलवत होते.