दसऱ्यापासून वाढलेलं डिझेल

सुरतच्या डिंडोलीत आमच्या गल्लीतल्या बायकांना ठाम वाटतं की मी पेट्रोल पंपावर काम करते. सुरुवातीला मी समजावत असे. आता नाही समजावत. "ताई, पंपावर आज गर्दी होती का?" असं कुणी विचारलं की मी "होती ना" म्हणते आणि भाजी घ्यायला लागते.

खरं म्हणजे मी टगबोटींचं डिझेल मोजते. हजीऱ्याला मोठी जहाजं येतात, त्यांना ढकलत-ओढत धक्क्याला लावणाऱ्या बुटक्या, दांडग्या बोटी म्हणजे टग. आमच्या शेठच्या अशा काही टग आहेत, आणि मगदल्ल्याच्या ऑफिसात बसून कुठली टग किती डिझेल जाळते ते मी स्क्रीनवर बघते. त्यात मोठं शास्त्र नाही. इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल पंप पाठवतो. जळायचं तेवढं जळतं, उरलेलं दुसऱ्या नळीने टाकीत परत येतं. म्हणून मीटर दोन, एक जाणाऱ्या नळीवर आणि एक परतीच्या नळीवर. पंगतीत वाढायला नेलेल्या पुऱ्यांतून परत आलेल्या पुऱ्या वजा केल्या की खाल्लेल्या कळतात, तसंच हे. पण स्क्रीनवर फक्त वजाबाकीचा आकडा दिसतो आणि त्याची चढउताराची रेघ. दोन्ही मीटर वेगळे दाखवा म्हणून मी कितीदा त्या मीटरवाल्या कंपनीला सांगितलं. "मॅडम, पुढच्या अपडेटमध्ये." ते अपडेट अजून कुठल्या समुद्रात फिरतंय देव जाणे.

आमच्या सगळ्यात जुन्या टगवर इंजिन ड्रायव्हर म्हणजे माझा मामा. आईचा धाकटा भाऊ. खानदेशातून आला तेव्हा लिंबायतला कापडाच्या लूमवर होता, मग खलाशी म्हणून टगवर चढला आणि तिथेच म्हातारा झाला. राहतो नवागामला. माणूस सरळ, पण बोलण्याच्या बाबतीत दगड. फोन बाळगतो तो बंद ठेवायला. मामीने कितीही बोंब मारली तरी ड्यूटीवरून कधी एक फोन नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "मी का पळी जाई राहिनू का?"

त्या वर्षी टगवर हे मीटर नवे बसले आणि दसऱ्यानंतर मामाच्या टगची रेघ वर चढून लाल झाली. आधी मला वाटलं, जहाजं जास्त आली असतील. मग वाटलं, इंजेक्टर खराब असेल. इंजिन तपासलं, ठणठणीत. काम रोजचंच, वेग रोजचाच, आणि डिझेल मात्र जवळजवळ दुप्पट जळत होतं.

शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ वाईट माणूस नाही, पण एकदा डोक्यात काही बसलं की बसलं. "बेन, दसऱ्यापासून वाढलंय," ते म्हणाले. "समजलं ना? दिवाळी तोंडावर आली. मीटरच्या पुढून नळी काढायची, कॅन भरायचे, होडीत उतरवायचे. मी काय नवा आहे का या धंद्यात?"

"शेठ, टाकीत मापाची पट्टी टाकून बघितलंय का कुणी?"

"पट्टी कोण टाकतं? तमारा मामाच ना?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच होडीत बसून कॅन मोजते आहे. "दिवाळीनंतर लाभपाचमला ऑफिस उघडलं की नवा ड्रायव्हर येईल. तोवर मामाला समजवा, स्वतःहून उतरला तर बरं. मला पोलीस-बिलीस नको आहे."

माझी अशी सटकली म्हणून सांगू. एवढी वर्षं ज्या माणसाने तुमच्या भंगार इंजिनाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याला तुम्ही एका लाल रेघेवरून चोर ठरवता, आणि ते सांगायला पाठवता कुणाला तर त्याच्या भाचीला. पण पगार तिथलाच. तोंड मिटून बाहेर आले.

मीटरवाल्यांना फोन लावला. तिथला मुलगा गोड बोलणारा. "मॅडम, आमच्याकडे सगळं ग्रीन दिसतंय." मी म्हटलं, तुमच्याकडे ग्रीन आहे, माझ्याकडे लाल आहे, आणि एका माणसाची भाकरी मध्ये लटकली आहे. तर म्हणे ईमेल टाका. टाकला. उत्तर आलं की दिवाळीनिमित्त ऑफिस बंद आहे, आपणास दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. मी स्क्रीनसमोर बसून त्या शुभेच्छांना मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग गेले नवागामला. मामा खाटेवर बसून तंबाखू मळत होता. मी सगळं सांगितलं, शेठ काय म्हणाले तेही, जरा सौम्य करून. म्हटलं, मामा, तुला काय दिसतंय ते तरी सांग. काही बदललं का इंजिनात? कुणी काही केलं का? मामा मळतच राहिला. मग म्हणाला, "माले काय इचारस? तुन्हा मीटरले इचार."

"मामा, मीटर बोलत नाही."

"मंग शेठ त्यानं कसं काय ऐकस?"

झालं. मामी आतून ओरडली, "अहो, ती तुमच्यासाठी मरतेय नि तुम्ही कोडी घालताय." मामा उठून बाहेर गेला. स्वतःची बाजू मांडणं म्हणजे त्याला भीक मागण्यासारखं वाटत होतं. मला ते कळत होतं, आणि कळूनही माझा इतका संताप होत होता की मामीने दिलेला चहा मी तसाच ठेवून निघाले.

दिवाळी आली. सगळं सुरत बंद, मार्केट बंद, फक्त जहाजं चालू. भाऊबीजेला मामा दरवर्षी आईकडे येतो. आई सकाळी ताट तयार करून बसली. दुपार झाली. निरांजनात दोनदा तूप घातलं. शेवटी मामीचाच फोन आला की ते ड्यूटीवर गेलेत, त्यांची पाळी नसताना. म्हणाले, चोराले कोनी ओवाळस का.

आईने ताट तसंच देवापाशी ठेवलं, डब्यात करंज्या, चकल्या भरल्या आणि डबा माझ्या हातात दिला. "नेऊन दे," एवढंच. तिच्या डोळ्यांत बघवेना. मी रिक्षा केली आणि थेट मगदल्ल्याला गेले. डोक्यात एकच होतं, आता पट्टी मी स्वतः टाकणार.

तर ओहोटी. तापीचं पाणी उतरलेलं, टग चिखलात एका अंगावर रेललेली. अशा तिरक्या टाकीत मापाची पट्टी टाकून काही उपयोग नसतो, बोट पाण्यावर सपाट असावी लागते. मी डबा मांडीवर घेऊन धक्क्यावर भरतीची वाट बघत बसले. मामा टगच्या कठड्याला टेकून उभा. आमच्यात चार हातांचं अंतर. खलाशांनी तेवढ्यात माझ्या डब्यातल्या चकल्या संपवल्या.

पाणी चढलं, टग सरळ झाली. मी फळीवरून आत गेले. पट्टीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावली, म्हणजे उद्या शेठ पाणी मिसळलं म्हणायला नको, आणि पट्टी सोडली. पेस्टचा रंग बदलला नाही. पाणी नव्हतंच. फोनवर स्क्रीन उघडून आकडा बघितला आणि पुन्हा पट्टी बघितली. मीटरच्या हिशेबाने टाकी तळाला लागायला हवी होती. आणि टाकीत डिझेल होतं, चांगलं भरपूर होतं.

मी तिथेच मोठ्याने म्हणाले, "जगातला पहिला चोर असेल हा, टाकीत डिझेल शिल्लक ठेवणारा." खलाशी हसले. मामा हसला नाही.

म्हणजे डिझेल परत येत होतं. येत होतं, आणि मोजलं जात नव्हतं. परतीच्या मीटरपाशी गेले. त्याच्या वायरी ज्या छोट्या डबीत जोडतात, त्या डबीवर कुंकवाचा टिळा होता आणि सुकलेला झेंडूचा हार. स्क्रू काढले. आत हिरवा गंज, तारांची टोकं खाल्लेली, आणि कोपऱ्यात वाळून काळा पडलेला खोबऱ्याचा तुकडा.

"मामा, हे काय आहे?"

मामाने बघितलं. मग सांगायला लागला, आणि एकेक शब्द ओढून काढावा लागला. दसऱ्याला टगवर पूजा झाली. नवं मीटर आलंय म्हणून पहिला मान त्याचा. शेठ स्वतः आले होते, त्यांनीच नारळ फोडला, बरोबर त्या डबीच्या कडेवर. झाकण जरा उचललं गेलं, पाणी आत गेलं. मामाने फडक्याने वरून पुसलं.

"मग उघडून का नाही पुसलं?"

"दसरा व्हता." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे काय विचारायचं असतं. पाने, पेचकस सगळी हत्यारं पूजेला मांडली होती, त्यांवर फुलं होती. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच जहाज आलं, आणि डबीचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

"आणि हे तू मला त्या दिवशी घरी का नाही सांगितलंस?"

"नारयनं पानी देवनं पानी," मामा म्हणाला. "त्यानं वाईट व्हस का?"

मी कपाळाला हात लावून त्या लोखंडी पायरीवर बसले. रडू येत होतं आणि हसूही. शेठनेच नारळ फोडून मीटर मारायचं, आणि मामाने शेठचा मान नि देवाचा मान राखत चोर होऊन बसायचं, आणि मी यांच्यामध्ये पळापळ करायची.

फोटो काढून शेठला पाठवले. मग फोन केला आणि सगळं सांगितलं, नारळासकट. "नारियेल तर सगळेच फोडतात," शेठ म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नवी डबी मागवा." लाभपाचमला ऑफिस उघडलं तेव्हा मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चालो, पती गयुं." संपलं म्हणे. माफीचा शब्द नाही. मामानेही मान हलवली, जणू कुणी हवापाण्याचं बोललं. मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं.

नवी डबी बसली, रेघ खाली आली, नवा ड्रायव्हर आला नाही. आई म्हणाली, पुढच्या भाऊबीजेला दोन वर्षांचं ओवाळेन. मलाही वाटलं, संपलं.

आठवड्याभरात एका संध्याकाळी माझा फोन वाजला. मामाचा नंबर. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी घाबरून उचलला. मागे इंजिनाची घरघर, आणि मामा म्हणाला, "आज दोन जहाजं लावी. मीटर बराबर शे ना?"

"बरोबर आहे मामा. का?"

"काही नही. इचारं."

तेव्हापासून प्रत्येक ड्यूटी संपली की फोन येतो. मी चिडते, म्हणते, मामा, तुला कुणी काही विचारलेलं नाही, सगळं ठीक आहे, झोप जाऊन. तो ऐकतो, आणि मी फोन ठेवायच्या आत पुन्हा एकदा विचारतो, "पन बराबर शे ना, माय?"