आयुधपूजा आणि बाशाभाईंचे टायर

बाशाभाईंचं टायरचं दुकान सोमवारी सील होणार होतं आणि त्याला कारण माझा रिपोर्ट होता.

शुक्रवारी ते स्वतः आमच्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. बंगळूरच्या शिवाजीनगरात जुने टायर विकणारा साधा माणूस. म्हणाले, "मॅडम, टायरां मेरे हैं. मच्छरां थोडीच मेरे हैं?" मला फार वाईट वाटलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. बंगळुरात डेंग्यूची साथ होती. राजाजीनगर आणि शिवाजीनगर, दोन्हीकडे माणसं तापाने फणफणली होती. ताप कुठून कुठे गेला, हे कॉर्पोरेशनला हवं होतं. आम्ही ते विषाणूच्या जीनोमवरून शोधायचो. जीनोम म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. विषाणू स्वतःची नक्कल करताना त्यात चुका करतो. दोन पोरांच्या पेपरात त्याच त्या चुका दिसल्या की मास्तरांना जे कळतं, तेच आम्हाला कळायचं. फक्त आमचा पेपर म्हणजे एक्स-रे फिल्मवरच्या काळ्या रेघा. त्या डोळ्यांनी वाचता वाचता मान मोडायची.

तर राजाजीनगरचे पेशंट आणि बाशाभाईंच्या टायरांत साचलेल्या पाण्यातले डास, सगळ्यांची अक्षरं तंतोतंत सारखी आली. आमचे बॉस श्रीनिवासराव खूश. माझ्यासारखेच तेही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरकर मराठी. त्यांनी लगेच कॉर्पोरेशनला फोन लावला.

मला मात्र चैन पडेना. एखादी तरी चूक वेगळी हवी होती. शिवाय दर चाचणीत आम्ही एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घेतो. त्यात काही सापडता कामा नये.

"सर, पाण्याला डेंग्यू झालाय."

"पाणी स्वल्प घाण असेल गं, कुमुद."

"मग ज्याला डेंग्यू होणं शक्यच नाही, असं काहीतरी तपासू. तुमची कॉफी द्या."

"अगं, मी अजून तोंडसुद्धा लावलं नाही!"

"म्हणूनच द्या."

त्यांनी नाराजीने कप पुढे केला. मी चार थेंब घेतले, बाकीची ते प्यायले. शनिवार-रविवार मी लॅबमध्येच काढले. सोमवारी फिल्म घेऊन सरांच्या खोलीत गेले, तर आरोग्य अधिकारी सीलचा कागद घेऊन बसलेले आणि बाशाभाई भिंतीला टेकून उभे.

"सर, कॉफी पॉझिटिव्ह. अक्षरं टायरांसारखीच."

सरांनी कपाळाला हात लावला. ताप आलाय का, ते बघायला.

"उरलेली मी प्यायलो ना गं!"

"कॉफी में मच्छरां थे क्या?" बाशाभाईंनी काळजीने विचारलं.

डास नव्हते. विषाणू आमच्याच बाटलीतला होता. तुलनेसाठी ओळखीचा असा एक विषाणू आम्ही प्रत्येक चाचणीत घालतो. त्याच्या लाखो प्रती तयार होतात. त्या हाताळायचे पिपेट, म्हणजे थेंब मोजून उचलायच्या नळ्या, वेगळ्या खोलीत ठेवतात. ते ओळखू यावेत म्हणून मी त्यांना लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

पण या चाचण्यांच्या आधीच आयुधपूजा झाली होती, दसऱ्याला करतात ती यंत्रांची पूजा. टाइपरायटर, फ्रीज, सरांची स्कूटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा. सरांनी हौसेने दोन्ही खोल्यांतले पिपेट एका पाटावर मांडले आणि प्रत्येकाला कुंकू लावलं. मग काय, सगळेच लाल ठिपकेवाले! परत ठेवताना इकडचे तिकडे झाले.

मी कच्च्या नमुन्यांच्या खोलीतले पिपेट आणून सर्वांसमोर ओल्या कापसाने पुसले. पहिल्याचं कुंकू गेलं. दुसऱ्याचं गेलं. तिसऱ्याचा ठिपका काही केल्या हलेना.

अधिकारी वैतागले. "पण आज काहीतरी सील करायची ऑर्डर आहे हो!"

सरांनी उसासा सोडला. "सरी, ठीक आहे. मग आमची खोली करा."

खोली धुऊन, पिपेट बदलून आम्ही सगळं पुन्हा केलं. टायरांतल्या डासांत विषाणूच नव्हता. दोन्ही भागांतल्या पेशंटांच्या विषाणूंच्या चुकाही वेगवेगळ्या निघाल्या. बाशाभाईंनी तरीही टायरांवर ताडपत्री घातली.

यंत्रांची पूजा खुशाल करावी, पण ज्याची त्याच्या खोलीत. आणि खुणेला लाल रंग वापरू नये. मी तेव्हापासून हिरवं नेलपॉलिश वापरते. त्या काळी ते कुठेच मिळेना. शेवटी बाशाभाईंनी शोधून आणून दिलं.