अक्कांचे दोन हात

फेकायची थाळी हातातून सुटली, की ती कुठे पडते हे न बघताच अक्का म्हणायच्या, "सरी."

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलेला माणूस. मला ते 'सॉरी' ऐकू यायचं. दर फेकीला या बाई माफी कुणाची मागतात, कळेना. शेवटी न राहवून म्हणालो, "अहो अक्का, सॉरी कशाला? चांगली गेली की!" त्या इतक्या हसल्या, की कमरेचा पट्टा सैल झाला. "सॉरी नव्हे रे पुणेकर, सरी! ठीक म्हणतात ना, तसं. झाली ती झाली, दुसरी दे."

के. आर. पुरमला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. आता आनेकलला स्वतःचं बसकं घर बांधून गेल्यात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी बोलणारं, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलेलं, की वेगळं काढता येऊ नये. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. पुढे एका कारखान्यात टेलिफोनवर नोकरी लागली. तिथल्या क्रीडादिनी कुणीतरी गंमत म्हणून हातात थाळी दिली, ती पुढे नोकरी संपून केस पिकले तरी सुटली नाही. राज्याची पदकं झाली, देशाची झाली. सगळी लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. मी दाखवा म्हटलं, तर म्हणाल्या, "वर इस्त्रीच्या साड्या आहेत. उगाच विस्कटतील."

बसून थाळी फेकताना तुम्ही कुणाला पाहिलंय? एक उंच लोखंडी स्टूल पट्ट्यांनी जमिनीला आवळतात आणि माणसाला त्या स्टुलाला. उभा खेळाडू गिरकी घेतो, पायांचा जोर लावतो. इथे पाठ आणि खांदा, बास. हे स्टूल तुझ्या डिकीत मावेल का, एवढंच विचारायला अक्का एकदा माझ्याकडे आल्या आणि माझे सगळे रविवार मैदानावर गेले. स्टूल आवळायचं काम माझं. मी घामाघूम होऊन आवळावं, त्यांनी कमरेतून हलून बघावं आणि म्हणावं, "स्वल्प अजून." पुन्हा आवळलं, की पुन्हा, "स्वल्प." वर टोमणा ठरलेला: "कंप्युटरवाल्यांच्या बोटांत जीवच नसतो."

मग त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. इंदिरानगरच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आतून खांदा पार झिजलाय, आता फेकाल तर तो कायमचा जाईल.

तुमचा-माझा खांदा गेला, तर आपण कुरकुरत दिवस काढू. अक्कांचं तसं नव्हतं. पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळं त्या उजव्या हाताच्या जोरावर. तो गेला, की आंघोळीलासुद्धा दुसऱ्याचं तोंड बघायचं. आणि जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती.

परतताना गाडी सिग्नलला थांबली. अक्का म्हणाल्या, "आंघोळ घालायला मी कुणाला बोलावणार नाही." जरा वेळानं म्हणाल्या, "आणि थाळी सोडून घरात काय करू रे?"

पुढच्या रविवारी बघतो तर अक्का स्टूल घेऊन फाटकात हजर. मी खरंच चिडलो. "अक्का, डॉक्टर काय म्हणाले?"

"उजव्यानं फेकू नको म्हणाले," असं म्हणून त्यांनी डावा हात वर केला. "याचं नाव कुठं घेतलं त्यांनी?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डावाच ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, हळूहळू करायला सांगा.

लहान मूल पहिल्यांदा आपल्या हातानं जेवतं तेव्हा घास नाकाला लागतो, कानाला लागतो. अक्कांची थाळी तशी जायची. कधी बाजूच्या जाळीत, कधी मागे. मी गाडीच्या आडोशाला उभा राहायचो. त्या आपल्या "सरी" म्हणून हात पुढे करायच्या. देशाची पदकं मिळवलेली बाई या वयात मुळाक्षरं गिरवत होती आणि तिला त्याची जराही लाज नव्हती. मला त्यांचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पदकं ऐकून वाटला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या दोन फेकी जाळीत गेल्या. तिसरी मैदानात पडली, पण इतरांच्या निम्म्यावरही नाही. अक्कांना जुन्या दिवसांपासून ओळखणारे लोक माना खाली घालून बसले. टेपनं अंतर मोजणारे पंचही जुने ओळखीचे. एवढ्या मोठ्या खेळाडूचा हा आकडा माइकवरून सांगायचा त्यांना जड जात असावं. ते टेप गुंडाळत हळूच म्हणाले, "इरली बिडी अक्का, राहू द्या." मला वाटलं, संपलं. मी पट्टे सोडायला पुढे झालो.

"आतमध्ये पडली ना?" अक्कांनी पंचांना विचारलं.

"पडली."

"मग मोजा की."

"तुमची एवढी पदकं अक्का, कशाला आता..."

"ती उजव्याची. या डाव्याची ही पहिलीच मॅच आहे."

पंच गुडघ्यावर बसले आणि त्यांनी टेप ताणली. आकडा माइकवर आला, पण अक्कांना नीट ऐकू गेला नाही. त्यांनी तो परत मोठ्यानं सांगायला लावला, मनाशी एकदा म्हटला आणि माझ्याकडे वळल्या.

"पुणेकर, पट्ट्यावरचा हात काढ. माझ्या अजून फेकी उरल्यात."