जयवंताबाईचं रडू

जयवंताबाई माझी थोरली जाऊ. मेंढरामागं फिरण्यात अख्ख्या धावडा गावात हिचा हात कुणी धरला न्हाई. दिवसभर रान तुडवून आली तरी चुलीपुढं बसायची, अन् वर मलाच म्हणायची, "उषा, तू बसून बसून जड झालीस."

मंग गुडघे धरले. उठताना खांब लागायचा. त्याच साली तिच्या भारतला भोकरदनच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. एकुलतं एक लेकरू. भाकरी थापता थापता रडायची बिचारी, मेंढरं हाकता हाकता रडायची.

मीच तिला जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणले, "सांध्यांची झीज झालीय. ही गोळी उदासीवरची आहे, पण गुडघेदुखीलाही देतात. मनानं एकदम बंद करू नका, काही वाटलं तर मला येऊन सांगा." मला वाटलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

दीड-दोन महिन्यांत फरक पडला. पुरतं न्हाई, पण निम्मं दुखणं गेलं. बाई पुन्हा काठी घेऊन रानात जाऊ लागली. रडणंही थांबलं. मी देवाला नारळ फोडला.

भारतचं वर्षश्राद्ध आलं. आमच्यात पाव्हणी बाई दारातून हेल काढतच येती, अन् घरच्या बाईनं तिच्या गळ्यात पडून रडायचं असतं. नणंद बेबीनंदा तशीच आली, बाईच्या गळ्यात पडली. बाई नुसती उभी. डोळे कोरडे ठाक. तिची पाठ थोपटून मला म्हणती, "पाव्हण्यांना पाणी दे." बाया एकमेकींकडं बघाय लागल्या. जेवताना बेबीनंदा बोललीच, "आत्ता कुठं वरीस झालं, अन् आई पोराला विसरली." माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "वन्सं, तुम्ही वर्षातून एकदा रडायला येता. वर्षभर ही कशी जगली ते आम्ही बघितलंय."

पण पाव्हणे गेल्यावर बाईच म्हणाली, "बेबी खोटं न्हाई बोलली. भारतचं तोंड डोळ्यापुढं येतं, पण आत काही हालत न्हाई. त्या गोळीनं माझं पोरगं दुसऱ्यांदा नेलं. पाय गेले तर जाऊ दे."

मी लई सांगितलं, डॉक्टरला विचारू, ते दुसरं काही देतील. ऐकलं तर जयवंताबाई कसली! गोळ्या चुलीत घातल्या. चार-पाच दिवस डोकं गरगरलं, मंग गुडघ्यांनी पुन्हा धरलं, पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी मेंढरं विकली. मला लई राग आला तिचा, अन् कीवही आली.

परवा कालवण द्यायला गेले, तर बाई उंबऱ्यात बसून ढसाढसा रडत होती. माझ्या जिवाला बरं वाटलं. जवळ बसून पाठीवरून हात फिरवला. म्हणलं, "भारत आठवला का, बाई?"

पदरानं तोंड पुसून म्हणाली, "न्हाई गं. गुडघा दुखून राह्यलाय."