इंजिनवाल्या काकू

इंजिनवाल्या काकू माल दाखवण्याआधी त्याचा दोष दाखवत. पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून त्यांचं जुन्या इंजिनांचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं एक लांबट शेड आणि त्यात लाकडी ठोकळ्यांवर ओळीनं मांडलेली इंजिनं. प्रत्येकाच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं काकूंच्या हातची अक्षरं: ‘पुरात बुडालं होतं’, ‘ऑइल पिते’, ‘चांगलं आहे, सेल्फ नाही’. ते वाचून गिऱ्हाईक निघून गेलं तरी त्यांना काही वाटत नसे. म्हणत, “आज गेला तं जाऊ दे. उद्या रस्त्यात उभा राहून मले शिव्या देईन, त्यापरीस बरं.”

साडीवर त्या पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट घालत, आपल्याकडे बाया कापूस वेचताना घालतात तसा. माहेर राळेगावकडचं, शेतीवाडीचं. दुकान त्यांच्या नवऱ्यानं टाकलेलं. तो ऐन चाळिशीत गेला, तेव्हा दिरांनी दुकान विकायचा सल्ला दिला. काकू वर्षभर नुसत्या शेडमध्ये बसून फिटरांची कामं पाहत राहिल्या आणि मग गल्ल्यावर बसल्या. “कापूस हातात घेतला का त्याची ओल मले समजते,” त्या सांगत, “तं हे काहून नाई समजणार?”

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझी बायको मीनल जाऊन आठ महिने झाले होते. गाडी तिची. लहानशी, लाल, टर्बो इंजिनची. मोहद्याकडे जाताना पुढचा ट्रक मागे टाकायला ती पाय दाबे, टर्बो ओढ घेई आणि ती हसे. मी शेजारी दार धरून बसे. ती गेल्यावर यवतमाळहून पांढरकवड्याच्या शाळेत मी तीच गाडी नेऊ लागलो. एक दिवस ऑइलचा लाल दिवा लागला. मला दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. त्याचं काही करायचं असतं, हे डोक्यात आलंच नाही. तिसऱ्या दिवशी करंजीजवळ आधी टर्बो गेला, मग आत खडखडाट झाला आणि इंजिन जाम झालं. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. रागसुद्धा आला नाही.

नवीन इंजिनाची किंमत गाडीच्या किमतीहून जास्त निघाली. जवळचे बरेचसे पैसे मीनलच्या दवाखान्यात गेलेले. एक भंगारवाला गाडी उचलायला दोनदा येऊन गेला. मी त्याला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यानं गाडी टोचन लावून काकूंच्या शेडमध्ये आणून टाकली.

“काय बसवू, सर?” काकूंनी विचारलं.

“काहीही बसवा. बजेटमध्ये बसेल ते.”

“काहीही नावाचं इंजिन नाई माह्याजवळ. गाडी ठेवायची का भंगारात द्यायची, ते पयले ठरवा. मंग या.”

मी परत गेलो. विकत घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदार घरी पाठवतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. चार दिवसांनी शाळा सुटल्यावर पुन्हा गेलो आणि म्हणालो, “ठेवायची आहे.” काकूंनी जुन्या टायरवर पोतं टाकून मला बसवलं आणि चहा मागवला.

मग तीन वाटा सांगितल्या. पहिली, माझंच इंजिन उघडून बनवायचं. ते त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं. आतला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, इतका खरवडला होता, की ते मलाही कळलं. दुसरी, अगदी तसंच टर्बो इंजिन. ते त्यांच्याकडे होतं, स्वच्छ पुसून ठेवलेलं, फार न चाललेलं. पण त्याच्या अंगावर लिहिलं होतं: ‘चांगलं. गाडीतला माणूस गेला.’

“मांगून ट्रकनं ठोकलं,” काकू म्हणाल्या. “इंजिनाले खरोचबी नाई. इथं कोणाले सांगितलं नाई तं आजच्या आज विकलं जाईन. पण घेणाऱ्याले मालूम पायजे.”

तिसरी वाट, त्याच मॉडेलमधलं साधं, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन. जागेवर बसणारं, आणि तिन्हींत खिशाला सर्वांत हलकं. मात्र एकटं इंजिन घेऊन भागणार नव्हतं. “त्याच्यासंगं त्याचा गिअरबॉक्स, त्याचं वायरिंग, त्याचा कॉम्प्युटर, सगळं एकाच गाडीचं लागते,” काकूंनी बजावलं. “एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं केलं, तं वर्षभर इथंच चकरा मारसान.”

“टर्बोच द्या,” मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

“कोण चालवे ही गाडी?”

“बायको.”

“कशी चालवे?”

मी सांगू लागलो. मोहद्याचा रस्ता सांगितला, ट्रक सांगितले, तिचं हसणं सांगितलं. आठ महिन्यांत तिच्याविषयी मी एवढं सलग बोललो नव्हतो. लोक विचारत ते दवाखान्याचं. काकूंनी ते विचारलंच नाही. माझं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “अन् तुमी?”

“मी साठनं.”

“मंग टर्बो कोणासाठी घेऊन राह्यले, सर?”

असं कुणी बोलतं का, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चहा निवून गेला होता, तो पिऊन मी म्हणालो, “साधं बसवा.” त्यात काकूंची कमाई कमी होती, हे मला नंतर फिटर सलीमभाईंनी सांगितलं.

इंजिनाचे कागद आणि आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय काकूंनी पान्याला हात लावू दिला नाही. मग सलीमभाईंनी काम सुरू केलं. मी रोज शाळेतून शेडमध्ये जाऊन बसू लागलो. दुसऱ्याच दिवशी काकूंनी माझ्यापुढे घमेलं सरकवलं. “बसलेच आहात, तं हे नटबोल्ट धुवा.” मी बाह्या वर सारून रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतले. रोज धुतले. कुणी माझी समजूत काढत नव्हतं, आणि तेवढंच मला चालण्यासारखं होतं.

गाडी सुरू झाली त्या दिवशी काकू शेजारी बसून करंजीपर्यंत आल्या. साध्या इंजिनाला दम कमी होता. पुढे सरकीचा ट्रक होता, त्याच्या मागे मी चालत राहिलो. पाय दाबला तरी पूर्वीची ओढ येत नव्हती. काकू म्हणाल्या, “ते नाई येणार आता. हे असंच चालीन. पण चालीन.” मी मान हलवली. परतताना त्या खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहत होत्या.

त्यानंतर दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, मी त्यांच्याकडे थांबे. त्या स्वतः ऑइल मोजायची पट्टी काढत, शर्टाच्या बाहीला पुसत, पुन्हा बुडवून माझ्या डोळ्यांसमोर धरत. “दिसलं?” मी ‘दिसलं’ म्हटल्याशिवाय बॉनेट लागत नसे. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी शेड बंद दिसलं. काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. यवतमाळला नेलं, पण दोन दिवसही काढले नाहीत. सलीमभाईंनी हे रस्त्यावर उभं राहून सांगितलं. मी ऐकलं, गाडीत बसलो आणि घरी आलो. मीनलच्या वेळी झालं होतं तसंच, आत काहीच झालं नाही.

तेराव्याला गेलो. शेडच्या मागेच त्यांचं घर. मी आवारात बाजूला उभा होतो. राळेगावहून आलेली त्यांची भाची पाणी घेऊन आली.

“तुमी कोण त्यांचे?”

“गिऱ्हाईक,” मी म्हणालो.

“मंग उभे कायले आहात? बसा पंगतीत.”

सलीमभाईंनी सरकून मला जागा करून दिली. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी आली. मी पहिला घास घेतला. भाजीत मीठ जास्त झालं होतं. चांगलंच जास्त. मीनल गेल्यापासून घासाची चव मला अशी कळलीच नव्हती. मी हात थांबवून पाण्याचा पेला शोधू लागलो, तेव्हा सलीमभाईंनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, “खारी है ना?”

“खूपच,” मी म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.