उस्तादांचं ठिगळ

आधीच सांगून टाकते, भूतबीत, करणीबिरणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता म्हणू का? जाऊ द्या... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

मी नागपूरला पाचपावलीत राहते, घरीच शिलाईकाम करते. आमचे हे जोकर — हसू नका, खरंच जोकर आहेत! आधी सर्कशीत होते, आता वाढदिवस, शाळांची गॅदरिंग करतात. ड्रेस मीच शिवते. लोकांना वाटतं, दिसेल तो भडक कपडा गुंडाळला की झाला जोकर. असं नसतं हो! पांढऱ्या तोंडाचा जोकर शहाणा. त्याला एकाच रंगाचं चकचकीत साटीन, अंगाबरोबर बेतलेलं, वर निमुळती टोपी. रंगीत जोकर वेंधळा. ढगळ पायजामा, पिवळ्यावर हिरव्या चौकटी, लाल नाक, हातभर बूट. आमचे हे त्यातले. तिसरा फाटका जोकर... मातकट कोट, रडका चेहरा आणि ठिगळंच ठिगळं. ह्यांचे उस्ताद फाटके जोकर होते.

त्या ठिगळांची एक रीत होती. चेल्याचा नवा ड्रेस झाला की उस्ताद आपल्या कोटाचा चौकोन कापून त्याच्या डाव्या कोपरावर स्वतः शिवायचे, आणि चेल्याच्या नव्या कपड्याचा तुकडा आपल्या कोटाच्या भोकाला लावायचे. त्याशिवाय नवा ड्रेस घालून कामाला उभं राहायचं नाही.

उस्ताद उन्हाळ्यात गेले. तो कोट अंत्ययात्रा घरून निघताना मीच घडी करून त्यांच्या अंगावर ठेवला, आणि ह्यांनी तो जळताना पाहिला.

त्यानंतर ह्यांनी कामच सोडलं. जुना ड्रेस पार विरला होता. मी नवा शिवला, तर हात लावेनात. चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलेले. धड जेवण नाही, बोलणं नाही. माणूस हातचा जातो की काय, अशी भीती बसली मला.

मग मी एक मूर्खपणा केला. सीताबर्डीवरून तसलंच मातकट कापड आणलं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलं आणि कोपरावर लावलं. म्हटलं, "उस्तादांनी आधीच कापून ठेवलं होतं, कपाटात सापडलं." ह्यांनी एकदाच पाहिलं.

"काहून फसवून राहिली वं मले? उस्ताद डावखुरे होते. त्यांचा टाका उलटा झुकते. हा तुया हातचा हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासमोरच ते ठिगळ उसवलं, ड्रेस पेटीत टाकला, कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

दोन दिवसांनी भर दुपारी एका शाळेच्या बाईंचा फोन आला. गॅदरिंगसाठी जोकरचा ड्रेस मिळेल का? म्हटलं, पडून राहण्यापेक्षा कोणी घालू दे. ह्यांच्यासमोरच पेटी उघडली, ड्रेस झटकला...

डाव्या कोपरावर ठिगळ! मातकट, कडेला जुन्या रंगाचा डाग असलेलं. टाके सगळे उलटे झुकलेले. बदल्यात नव्या कपड्याचा तुकडा जायचा, ते आठवलं. पायजामा उलटा केला, तर आतल्या दुमडीतून एक चौकोन कापून नेलेला. अख्खी पेटी पालथी घातली, तो तुकडा नाही म्हणजे नाही.

हे उठून बसले. टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा. मीही रडले. मग नाक पुसत म्हणाले, "बाईले फोन कर वं. सांग, ड्रेस नाही, जोकरच येऊन राहिला."

तुम्ही म्हणाल, ह्यांनीच केलं असेल. अहो, ह्यांना सुईत दोरा ओवता येत नाही! मी झोपेत केलं म्हणाल, तर तो उलटा टाका मी नंतर कितीदा घालून पाहिला, जमत नाही. आणि ते कापड आणलं कुठून?

गॅदरिंगला मी मागे उभी होते. स्टेजच्या पहिल्याच पायरीवर हे असे काही धडपडले की पोरं खुर्च्यांवरून खाली आली हसून. माझा माणूस परत आला होता.

मला अजून काही उलगडलेलं नाही. ओळखीचे एक सर म्हणाले, ठिगळ उसवून द्या, कापड कुठलं ते तपासून घेतो. मी ह्यांना विचारलंही नाही.

म्हटलं, "नाही जमणार सर. तो ड्रेस उद्या कामावर आहे."